सापडलं की सोडायचं नाही

३ ऑक्टोबर, गुरुवार

पोचले एकदाची. विमानात बसून पाय भोपळ्यासारखे झाले होते, पण मीनल दारातच "मावशी, आलीस ग तू!" म्हणून गळ्यात पडली आणि शीण गेला. माझ्या अक्काची पोर. लहानपणी हिला मी कडेवर घेऊन अख्खी सांगली हिंडवली. आता केंब्रिजमध्ये कॉम्प्युटरवर काम करते.

मी सातवी नापास, पण लिहून ठेवायची सवय आहे. पंधरा वर्षं मेसमध्ये भाकऱ्या थापल्या, तेव्हाच कळलं की तोंडी बोललेलं लोक फिरवतात.

घर केंब्रिजच्या बाहेर आहे. जमीन सपाट, माती काळी, आपल्याकडच्यासारखीच. मागे बाग आणि बागेच्या टोकाला संथ नदी. मला काठावरची लाकडी खोली दिलीय. हीटर आहे, न्हाणीघर आतच. पलंगावर अक्काची गोधडी, तिला अजून मशेरीचा वास येतोय. दोन वर्षं अक्का याच खोलीत राहिली. नवरा गेला तरी जोडवी काढली नाहीत, पण मशेरी तरी इंग्लंडात सुटेल असं वाटलं होतं. कसली सुटते!

अक्का मात्र घरात नाही. जावयाच्या, नकुलरावांच्या, बहिणीचं बाळंतपण आहे म्हणून मागच्या महिन्यात बर्मिंगहॅमला गेलीय म्हणे. दिवाळीला येईल. मला जरा रागच आला. तिचाच आवाज फोनवर आला होता, "श्यामे, ये ग. इथं सगळं बरं आहे. पाणी तर दारातच." म्हणून तर आले. असो. व्हिसा सहा महिन्यांचा आहे. जाताना अक्काला घेऊनच जाणार, तिने कितीही नाटकं केली तरी.

५ ऑक्टोबर, शनिवार

रिकामं बसवत नाही म्हटल्यावर नकुलरावांनी काम दिलं. नदीत चार तराफे बांधलेत. प्रत्येकावर लाकडी बोगदा आणि आत ओल्या मातीचं ताट. मिंक म्हणून जनावर आहे, मुंगसासारखं, पण पाण्यातलं. त्याच्या कातड्याचे कोट करायला लोकांनी परदेशातून आणलं, मग ते पिंजऱ्यातून सुटलं आणि इथले पाणउंदीर खाऊन संपवायला लागलं. मातीत त्याचा पंजा उमटला की ताट काढून तिथं पिंजरा ठेवायचा.

नियम फार कडक. पिंजरा रोज एकदा बघायचाच, चुकवायचा नाही, जनावर आत तडफडत राहता कामा नये. बोगद्याच्या तोंडाला आडकाठी पाहिजे, म्हणजे पाणमांजर आत जात नाही. आत इथलं काही सापडलं तर लगेच सोडायचं. मिंक सापडलं तर सोडायचं नाही. सोडणं हाच गुन्हा. मी विचारलं, मग काय करायचं? ते म्हणाले, एका गोळीत संपवायचं, हाल करायचे नाहीत.

मी म्हटलं, स्वतःच आणायचं, कामापुरतं ठेवायचं आणि मग बाहेरचं म्हणून मारायचं, हा कुठला न्याय? नकुलराव हसले. म्हणाले, मावशी, नियम आम्ही केले नाहीत.

पिंजऱ्याचं दार पडलं की त्यांच्या फोनवर टिंग वाजतं. हुशार आहेत लोक.

९ ऑक्टोबर, बुधवार

मायरा पाच वर्षांची. पोरगी गोड, मराठी मात्र धेडगुजरी. मला "मावशी" म्हणते. मी म्हटलं, अगं, मी तुझ्या आईची मावशी, तुझी मावशीआजी. ती म्हणाली, "नो, तू नवा मावशी." मग जुना कोण? तर म्हणे, "जुना मावशी पाण्यात गेला."

मी म्हटलं, जुनी. गेली. मावशी गेला नसते, गेली असते. आणि जुनी मावशी कोण ग? तर खिडकीतून नदीकडे बोट दाखवते. हे लोक कार्टून फार दाखवतात पोरांना.

मीनलने फोनवर माझा आवाज भरून घेतला, धाकट्या सुचेतासाठी. काय बोलायचं तेही तिनंच सांगितलं. "सुचे, ये ग. इथं सगळं बरं आहे. पाणी तर दारातच." सुचीचं आणि माझं विळ्याभोपळ्याएवढं सख्य, पण मी ये म्हटल्यावर येईल. तिघी बहिणी एका छताखाली, किती वर्षांनी!

१६ ऑक्टोबर, बुधवार

दोन गोष्टी लिहायच्यात.

एक. मीनलच्या ऑफिसातली स्वराली जेवायला आली होती. कार्डिफला वाढलेली, बोलायला मोकळी. मी पोळ्या वाढत होते. मीनल म्हणाली, "मावशी, तुम्ही नंतर जेवा." तुम्ही! जन्मात मला कधी तुम्ही म्हणाली नाही ही. तुम्ही मावशी कुणाला म्हणतात ते मला कुणी शिकवायला नको, मेसमध्ये मीही ऐकलंय. ती स्वराली पण म्हणाली, "यू आर सो लकी, मला पण अशी मावशी मिळवून दे ना." मीनलने नुसतं हसून ताट पुढं केलं. माझ्या हातातली पोळी तशीच राहिली.

दोन. तीन नंबरच्या मातीत पंजा उमटला. पंजा कसला, पाऊल. माझ्या बोटाएवढं, पण टाच, तळवा, पाच बोटं सगळं आहे. आणि अंगठ्याजवळच्या बोटाला गोल वळ. जोडव्याचा पडतो तसा. नकुलरावांनी पटकन अंगठ्याने पुसलं आणि मिंकच आहे म्हणाले.

पिंजरा ठेवताना त्यांनी माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा मागितला. मिंक आपल्या जातीच्या वासाला येतं, म्हणाले. मी म्हटलं, मग माझं लुगडं कशाला? त्यांनी तुकडा पिंजऱ्यात कोंबला.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सिमकार्ड घालून देते म्हणून मीनलने माझा फोन नेला त्याला बारा दिवस झाले. पासपोर्ट तिच्या कपाटात आहे. अक्काशी बोलायचंय म्हटलं की तिकडे बाळ झोपलेलं असतं. कुंभकर्ण जन्मला की काय?

आज खोलीचं दार लोटलं आणि अंगणातून नकुलरावांच्या फोनची टिंग ऐकू आली. योगायोग असेल. उघडून परत लोटलं. टिंग. परत. टिंग.

ते दारात आले आणि मावशी काय चाललंय म्हणाले. मी म्हटलं, बिजागरी करकरते.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

नकुलरावांची पिंजऱ्यांची वही ओट्यावर उघडी होती. इंग्रजी येत नाही, पण आकडे कळतात. तराफे चार. वहीत रकाने पाच. पाचव्यात रोज आठ वाजल्याची नोंद. रोज आठला ते माझ्या खिडकीशी येतात, गुड मॉर्निंग मावशी म्हणतात, वळतात. मी म्हणायची, केवढा मायेचा जावई!

मागची पानं चाळली. दोन वर्षं पाचवा रकाना भरलेला. एप्रिलमध्ये एक आडवी रेघ, पुढं रिकामा. ३ ऑक्टोबरपासून परत भरलाय.

एप्रिल. आणि अक्का तर बर्मिंगहॅमला गेलीय सप्टेंबरात —

हातापायांवर लव आलीय. दाट, तपकिरी. थंडीने असेल.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

अक्का आली.

सकाळी तीन नंबरचं दार पडलेलं होतं. आत ओलं, तपकिरी जनावर, हनुवटीवर पांढरा ठिपका. धडपडत नव्हतं, बसून होतं. पिंजऱ्यातून मशेरीचा वास. मागच्या पायाच्या बोटात चांदीचं वेढं, मांसात रुतलेलं.

मी अक्का म्हटलं. तिनं जाळीतून पंजा काढून माझं बोट दोनदा दाबलं. शाळेत जाताना रस्ता ओलांडायच्या आधी दाबायची तसं. दोनदा.

दार उघडेना, बोटं रक्ताळली. तेवढ्यात नकुलराव आले, त्यांचा फोन वाजला होता ना. मागे मीनल. मी ओरडले, मीनल, अगं, तुझी आई आहे ही! 'कसली आई?' असं ती म्हणाली नाही. वेड लागलं का तुला, तेही म्हणाली नाही. त्या पायाकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, हाल नको करूस.

मी पाया पडले, पोरीच्या पाया पडले. नकुलराव म्हणाले, मावशी, एकदा सापडलं की सोडता येत नाही, बाहेरचं जनावर आहे. मी म्हटलं, तुम्ही तरी कुठले इथले? तर मीनल म्हणाली, "आम्ही इथले झालो. मागच्या वर्षी नागरिकत्वाची शपथ घेतली."

शेडमागं नेलं. एकच आवाज, पाट आपटल्यासारखा.

मग मीनल माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "मावशी, तुम्ही आत जा. थंडी आहे."

तुम्ही.

मी आत गेले. का गेले? दार लागलं. टिंग.

२ नोव्हेंबर

दार आतून उघडत नाही. खिडकीतून डोकंही जात नाही.

मीनल दाराबाहेर बसून रडली. आईने सांगलीला परत जायचा हट्ट धरला होता म्हणे. मायराला कोण बघणार, नोकरी कशी करणार? म्हणून एक दिवस दार लावलं. नुसतं दार लावलं, मावशी, देवाशपथ आम्ही आणखी काही केलं नाही. बाकी आपोआप झालं. आई बारीक बारीक होत गेली आणि एप्रिलात न्हाणीघराच्या मोरीतून निघून गेली. पण जाईना. मायराच्या खिडकीशी येऊन बसायची. मायरा सगळ्यांना सांगायला लागली होती.

मी म्हटलं, स्वतःच्या आईला मोलकरीण करून ठेवलीस, नातीला आजी म्हणू दिलं नाहीस, आणि मग मारलीस. आणि मला बोलावलंस ते तिच्याच आवाजानं.

तर म्हणते, तुम्ही असं ओरडलात म्हणून लावावं लागलं. नाहीतर मार्चपर्यंत तुमचं छान चाललं असतं.

अजून तुम्ही.

३ नोव्हेंबर. भाऊबीज

आठला ते बघून गेले. वहीत लिहिलं. गुड मॉर्निंग म्हणाले नाहीत.

थाळीत मासा ठेवला होता. कच्चा, न धुतलेला. फेकून मारणार होते. खाल्ला. काटेसुद्धा.

पातळ अंगावर राहत नाही. बांगड्या पलंगाखाली पडल्यात, दोन्ही हातांच्या. गोधडीचा वास — आधी अक्काचा यायचा. आता कळतं, तो वास मला इथं धरून ठेवायलाच होता. आणि माझ्या लुगड्याचा तुकडा तिला. मीच आणली तिला पिंजऱ्यात. मी.

मायरा खिडकीशी आली. काचेला हात लावून म्हणाली, "मावशी लहान झाली." बरोबर बोलली. पहिल्यांदाच.

४ नोव्हें

सुचीचं तिकीट झालं. दहा तारीख. मीनल बाहेर फोनवर सांगत होती, मावशी, तू बिनधास्त ये, श्यामामावशी बर्मिंगहॅमला गेलीय, दिवाळीनंतर येईल. तिला तू म्हणतेय —

आणि मागं माझा आवाज लावला. इथं सगळं बरं आहे. पाणी तर दारातच.

पेन दोन हातांत धरते. बोटांमध्ये कातडं आलंय

आठला

मोरीची जाळी सैल आहे. डोकं जातंय आता. पण नदीत चार पिंजरे — आणि वास येतोय, सकाळपासून, तीन नंबरकडून — अक्काचा. तिथं अक्का नाही. मला माहीत आहे तिथं अक्का नाही. पाय तरी तिकडेच

नाही. आधी हे लिहायचं. पानं फाडून गोधडीच्या टाक्यात घालते. सुचे, तू गोधडी उसवून बघशील, तुला दुसऱ्याचे टाके कधी पटले नाहीत

सुचे, आवाज माझाच होता. मीच ये म्हटलं. मला शिव्या दे नंतर

पण हे वाचतेस म्हणजे तू आलीसच. खोलीत आलीस. मग ऐक, पासपोर्ट देऊ नकोस, तुम्ही म्हणायला लागली की पळ, आणि दार — काय वाट्टेल ते कर पण दार तेवढं लावू देऊ न