सुनीताची कडक भाकरी

रविवार, संध्याकाळ

आज सुनीतासोबत मोडनिंबपर्यंत सायकल. ट्रायथलॉनला नाव दोघींनी दिलंय, पण कडक भाकरी आणि शेंगाचटणी तिलाच बांधून मिळते. माझी सायकल तिच्याकडंच असते, त्यामुळं तिच्या सासूचा तो लाड दर रविवारी बघावा लागतो. माझ्याकडं बिस्किटाचा पुडा. मोडनिंबला तिनं अर्धी भाकरी पुढं केली. "घे की, लई हाय." भूक नाही म्हणाले. खोटं. परतताना पाय गळाले, ती पुढं निघून गेली. भाकरीवर कुणी जळतं का? मी जळले, सोलापूर येईपर्यंत. माझ्या सासूबाईंना वाटतं, रविवारी ऑफिसचं ट्रेनिंग असतं. जेवण तिथंच मिळतं, हेही मीच सांगितलंय.