चार नळ्या

बुधवार, संध्याकाळ

परवा सकाळी भांडी घासून टोपलीत पालथी घातली आणि त्यांच्यातच त्या चार नळ्याही वाळत ठेवल्या, ही माझी चूक. धाकटी जाऊ साखर मागायला आली. "अक्का, ह्या मेणबत्त्या कशाच्या?"

म्हटलं, सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी दिल्यात. पाळी गेल्यापासून आतून कोरडं पडून आवळलंय, तपासणीसुद्धा सोसत नाही. बारीक एक नंबरपासून जाड चार नंबरपर्यंत एकेक आत घालायची, ह्यानं हळूहळू सैल होतं.

"आवं, थोरलं भावजी जाऊन तीन वर्सं झाली. आता कुणासाठी?"

कुणासाठी! हे होते तेव्हा दुखायचं म्हणून मी अंग चोरायची. माझं मन उडालं असं समजून हे पाठ फिरवायचे. तसेच गेले. तेव्हा कुणी का नाही दिल्या नळ्या?

काल दार लावून दोन नंबरची वापरली. धुऊन मुद्दाम भांड्यांतच वाळत ठेवली.