मी वारलो तो उन्हाळा

२ मे

पंढरी घरी नाही म्हणे. चप्पल दारात, टॉवेल दोरीवर ओला, आणि माणूस घरी नाही!

रुक्मावहिनी उंबऱ्यात आडवी उभी. "ते वावरात गेले, भाऊजी." या उन्हात? वावरात आहे काय? पऱ्हाटी उपटून झाली, नांगरट व्हायची आहे. मी म्हणालो, थांबतो. तर म्हणाली, "थांबून काय करता?" पाणीसुद्धा विचारलं नाही. ही बाई मला जेवल्याशिवाय कधी सोडत नसे.

काही कळत नाही. संक्रांतीला फोनवर हाच माणूस नुसता उड्या मारत होता. "रानी मीच करीन! लुगडं अजून पेटीत हाये!" त्याच्या त्या एका वाक्यावर मी अख्खा सिनेमा लिहून काढला. दिवाळीनंतर आमच्या दंडारीत दरवर्षी एकच खेळ – राजा मरतो, राणी त्याच्या उशाशी बसून रडते, आणि तिच्या रडण्यानं राजा उठून बसतो. मी राजा, पंढरी राणी. मी नुसता पडून राहायचो, अंगावरून मुंगळे जायचे. पंढरी रडायचा आणि समोर अख्खं गाव रडायचं. पुढे मी नागपूरला गेलो, हैदराबादला गेलो, नट झालो, दिग्दर्शक झालो. तो इथेच राणी राहिला. म्हातारपणीही ते लुगडं न सोडणारा माणूस, एवढीच माझी गोष्ट आहे.

पुण्याचा निर्माता, पियुष, म्हणत होता नाव असलेला नट घ्या. मी म्हणालो, पंढरी नाही तर सिनेमा नाही. मोठ्या तोऱ्यात म्हणालो! बारा वर्षांनी कोणी दिग्दर्शन करायला बोलावलंय, आणि मी असा.

३ मे

पुन्हा गेलो. आज चप्पलही दारात नव्हती. शिकला!

५ मे

सकाळी लखनला घेऊन पेनगंगेच्या काठी जागा बघायला गेलो. लखन माझा चुलतभाऊ, सरपंचापासून मंडल ऑफिसापर्यंत सगळ्या इजाजती त्याच्याच अंगावर टाकल्यात. नदीत पाणी गुडघाभर, पलीकडे महाराष्ट्र. राणीच्या रडण्याचा प्रसंग वाळूत घ्यावा असं डोक्यात आहे. लखन मोटारसायकल सावलीला लावायला गेला तेवढ्यात वाळलेल्या पळसावर दोन कावळे. जोडी. भर उन्हात, काही लाजलज्जा नाही!

जेवताना मायला गंमत म्हणून सांगितलं. तिचा भाकरीचा हात थांबला.

"कोनं पाह्यलं? तू एकट्यानंच?"

मी हसलो. ती हसली नाही. उठून लखनच्या घराकडे गेली. पायात चपला न घालता.

६ मे

मी वारलो.

झोपलो होतो. जाग आली तेव्हा लखन दारात, तोंडावर बोट. "दादा, बाहीर नोका निघू. नार्नूरले मामा अजून रडून राह्यले."

असं आहे ते! कावळ्यांची जोडी जुगताना ज्याला दिसली त्याचं मरण जवळ आलं म्हणतात. त्याला उतारा एकच. तो मेला अशी खोटी खबर सोयऱ्यांकडे धाडायची. त्यांनी ती खरी मानून रडायचं. रडून झालं की सांगायचं, खोटं होतं. मग मरण फसतं. लहानपणी ऐकलं होतं. पण रडणं खरं लागतं. वरवरचं चालत नाही. मायनं मला ते तीन-तीनदा सांगितलं, जसं काही मी मामांना वरवरचं रडा म्हणून सांगणार होतो!

ठरल्याप्रमाणे दुपारी "खोटं होतं" असा फोन जायचा होता. पण नार्नूरच्या अमृतरावमामांची सून जास्त चलाख. दुपार व्हायच्या आतच तिनं माझा फोटो, हार, दिवा, "महिपत यांना भावपूर्ण श्रद्धांजली" करून सगळ्या गटांवर टाकून दिलं. चार वाजता माझ्याच फोनवर मला माझी बातमी आली. खाली हात जोडलेले.

माझा फोन वाजतोय, मी उचलावा की नको? मेलेल्या माणसानं फोन उचलला तर समोरच्याचं काय होईल? मायला विचारलं. "मामा रडून झाले का आधी ते इचार," म्हणाली.

७ मे

आपल्या मागं लोक काय म्हणतात ते वाचलं. कोणी वाचू नये.

एका पेपरात माझा जन्म नांदेडचा. एकात फोटो माझा नाहीच, दुसऱ्याच नटाचा. तो बिचारा जिवंत आहे की नाही कोण जाणे. "मागच्या दाराची चावी" या नाटकाचा उल्लेख सगळ्यांनी केला. ते मी केलं तेव्हा पुढच्या रांगेत नाटकमंडळींचे नातेवाईक सोडून कोणी नसायचं. "बोंडं फुटली त्या साली" हा माझा सिनेमा म्हणे मैलाचा दगड. मग चालला का नाही? ज्या दिग्दर्शकानं मला अख्ख्या सिनेमात एक ओळ बोलू दिली नाही, त्यानं लिहिलंय की "शांततेवर त्यांची हुकूमत होती." वा रे वा!

सगळ्यात कहर तेलुगू चॅनेलनं केला. हैदराबादला मी बहुतेक नायिकेचा बापच होतो आणि बहुतेक वेळा मरतच होतो. त्यांनी सगळी मरणं एकापाठोपाठ लावून दाखवली. विहिरीत, ट्रकखाली, लग्नमंडपात. माय समोर बसलेली. मी म्हणालो बंद करू? "राहू दे," म्हणाली. "किती डाव मेला तू! आन् मले एकदा बी नाई सांगतलं."

एका ठिकाणी मात्र अडकलो. लिहिलंय – नटाचा अभिनय खोटा वाटला की ते बोलत नसत, फक्त उघडा तळहात हवेत पाटी पुसल्यासारखा फिरवत, ही त्यांची खास लकब. ती माझी नाही. पंढरीची. दंडारीच्या तालमीत मी खोटा मेलो की तो तळहात फिरवायचा. पुसून टाक, परत कर. मी ती उचलली आणि जन्मभर वापरली, आणि आता ती माझ्या नावावर मेली.

८ मे

जिवंत झालो. जाहीर केलं. बरेच जण चिडले. एकानं माझी शोकसभा ठरवली होती, हॉल घेतलेला. पियुष खूश. "सर, बिनपैशाची प्रसिद्धी! रिलीजच्या वेळी असंच काही करता येईल का?"

घर माणसांनी भरून गेलं. भीमपूरहून आले, नार्नूरहून मामा आले, गळ्यात पडून पुन्हा रडले. मायनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. ज्यांच्याशी माझं कधी बोलणं नाही तेही आले.

पंढरी नाही आला. तीन गल्ल्यांवर घर.

१० मे

त्याला कळलंच नसेल? गावातल्या कुत्र्यालाही कळलं!

१२ मे

किराण्याच्या दुकानात रुक्मावहिनी गाठली. म्हटलं आज सोडायची नाही.

"वहिनी, मी मेलो तेव्हा पंढरीला काय वाटलं तेवढं तरी सांगा."

तिनं हातातला साबण पिशवीत टाकला. मग खाली बघून म्हणाली, "काय सांगू भाऊजी. दोन दिस अन्नाले शिवले नाईत. तुमी जिते हा म्हनून कळलं, तरी थांबत नोते. म्या म्हटलं, आता काऊन रडता? तर भिताडाकडे तोंड केलं."

"मग मला भेटत काऊन नाही? सिनेमात नाही करायचं तर नाही म्हण म्हणावं. तोंडानं सांग!"

तोंडानं म्हटल्यावर तिनं एकदम माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी उचलून निघून गेली. सुटे पैसे दुकानात तसेच राहिले.

म्हणजे माझ्यासाठी दोन दिवस उपाशी राहतो, आणि मला दार उघडत नाही. हे काय आहे? राग आहे? मग रडला कशाला? माया आहे? मग लपतो कशाला? जन्मभर लोकांना सांगत आलो की पात्राच्या मनात काय आहे ते आधी शोधा. घ्या, शोधा आता!

१३ मे

तालमीतलं त्याचं एक वाक्य सारखं आठवतंय. "गळ्यानं नोको रडू लेका, पोटानं रड." मला कधी जमलं नाही. राजाला रडायचंच नसतं, म्हणून निभावलं. पुढे बाटलीतलं औषध डोळ्यांत घालायला मिळालं. मालिकेत दुष्ट काका झालो तेव्हा तर त्याचीही गरज उरली नाही.

१६ मे

पियुषचा फोन. महिनाअखेर पंढरीचं नक्की नसेल तर तो दुसऱ्याला करारबद्ध करणार. नट चांगला आहे, मी ओळखतो. लुगडं नेसवलं की नेसवल्यासारखंच दिसणार.

थोडे दिवस दे म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो माहीत नाही.

१९ मे

लखन धावत आला. श्वास लागलेला. "दादा, पंढरी गेला. नागपूरले गेल्ता, तिथंच गेला."

मी क्षणभर गारच पडलो. आणि मग हसू आलं! नागपूरला? या माणसाला साधं आदिलाबादला जायचा कंटाळा! कशाला जाईल नागपूरला? कावळे दिसले असणार साल्याला. किंवा कावळेबिवळे काही नाही, नुसती परतफेड – मला रडवलंस, आता तू रड. पंढरीच तो! म्हणजे राग गेला. म्हणजे उद्या-परवा दार उघडणार. मला इतकं हलकं वाटलं की मी लखनच्या पाठीत धपाटा घातला.

लखनचे डोळे भरलेले. मायनं तर दारातच बसकण मारून गळा काढला. मी म्हणालो, "माय, अगं तुझंच औषध आहे हे."

ती रडता रडता म्हणाली, "आधी रड, बाबू. मंग बोल."

हट्ट केला म्हणून बसलो तिच्याशेजारी. डोळे मिटले. आलं नाही. हसूच येत होतं.

दुपारी निरोप आला. खोटं होतं. म्हटलं, बघा!

२१ मे

पंढरी परत आला असं लखन म्हणाला. पेढे घेऊन गेलो. दार उघडं होतं!

अंगणात लिंबाखाली बाजेवर बसला होता. केवढासा झालाय! मे महिन्यात गळ्याभोवती टॉवेल गुंडाळलेला. मी लांबूनच ओरडलो, "काय रे राणी, मेलीस कशी आणि उठलीस कशी?" तो हसला. डोळ्यांनी. बोलला नाही.

शेजारी बसलो. त्यानं माझा हात धरला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. काहीतरी विचारत होता. मला वाटलं कळलं मला. म्हणालो, "रडलो रे! पोटभर रडलो. मायला विचार." आणि गळ्यात आवंढा आणून दाखवला, सवयीनं, तो कसा आणायचा ते मला येतं.

त्यानं माझा हात सोडला, आणि उघडा तळहात हवेत फिरवला. पुसून टाक. परत कर.

मी खो खो हसलो. वाटलं, जुना पंढरी परत आला. तो हसला नाही. रुक्मावहिनी चहा ठेवून आत गेली ती बाहेर आलीच नाही. पेढा त्यानं हातात घेतला, खाल्ला नाही. सिनेमाचं विचारलं तर लिंबाकडे बघत बसला.

एक शब्द नाही! तासभर बसलो. आता याला काय म्हणायचं? राग गेला की नाही गेला?

२२ मे

दुपारी रुक्मावहिनी आली. बसली नाही.

"कावळे कोनी नाई पाह्यले, भाऊजी. डाक्टरनं पाह्यलं. गळ्यात गाठ हाये. आवाज फागुनातच गेला. तुमाले नोका सांगू म्हने, मले रानी करू देनार नाई मंग. सोमवारी नागपूरले कापतीन. आवाज तं येनार नाईच, मानूस रायते का पाहाचं. त्याईनंच हाताच्या खुनेनं सांगतलं, म्या मेलो म्हनून महिपतले खबर करा. मी रडलो तं तो वाचला. आता तो रडला पायजे, दुसरं कोनी नाई रडलं तरी चालन, म्हने." मग पदर तोंडाशी धरला. "ते म्हनतात तुमी नाई रडले. रडले ना, भाऊजी?"

मी हो म्हणालो. तिला खरं वाटलं. ती पंढरी नाही.

ती गेली तशी मी इथे बसलोय. आता थांबत नाहीये, पोटातून येतंय, अक्षरं भिजलीत. पण आधी रडायचं असतं आणि मग कळायचं असतं की खोटं होतं. माझं उलटं झालं.

माय लखनच्या घरून आली की विचारतो. उलटं चालतं का?