अकराव्या कथेतला खुनी

ती. मामांस,

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्सहून कुशलचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींची शुगर आपापल्या जागी शांत असतील अशी आशा आहे. आम्ही तिघंही ठीक. (तुम्हाला टाइप केलेलं आवडत नाही, म्हणून हाताने लिहून फोटो पाठवतो आहे.) गेल्या जानेवारीत तुम्ही आलात तेव्हा खालच्या बाकावर बसून अख्ख्या बिल्डिंगची चौकशी केली होतीत. लोक अजून "इन्स्पेक्टरसाब कैसे हैं?" म्हणून विचारतात. (तुम्ही फौजदार म्हणून रिटायर झालात हे मी सांगत नाही. परदेशात थोडी बढती चालते.)

पत्राचं कारण माझी रहस्यकथा. ऑफिसात दिवसभर एक्सेल भरून घरी आलो की मी खून करतो, हे तुम्हाला माहीत आहेच. दहा कथा झाल्या, एकही छापून आली नाही, कारण खुनी लगेच कळतो. मैथिली भाजी निवडता निवडता दुसऱ्याच पानावर त्याचं नाव सांगते. शुभ्रा मराठी अडखळत वाचते, तरी "बाबा, इट्स सो ऑब्व्हियस" म्हणून मोकळी होते. वाईट वाटतं हो मामा. चार महिने खपून एक माणूस मारावा आणि बायकोने कुकर लावायच्या आत प्रकरण मिटवावं. यंदा एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी शेवटची संधी दिली: कथा दुबईतली हवी, आणि खुनी त्यांना स्वतःला ओळखता आला नाही तरच छापणार.

त्यात इथली अडचण निराळी. बघावं तिथे कॅमेरा. (तुमच्या काळी साक्षीदार फितूर तरी व्हायचे, कॅमेऱ्याला चहा पाजून उपयोग नाही.) म्हणून आमचा शेजारी शेल्डन, वसईचा, हॉटेलच्या खरेदीखात्यात आहे, तो मला रास अल खोरला एका कांद्याच्या गोदामात घेऊन गेला, प्रेत ठेवायला जागा बघायला. आत शिरताना त्याने मला चमकत्या पट्ट्यांचं जॅकेट आणि हेल्मेट चढवलं. टेप आणि वही माझी. गोण्यांमधली जागा मोजली आणि माणूस मावतो का हे बघायला मी स्वतःच आडवा झालो. तोच वॉचमन मोहिद्दीन धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "साब, इधर कोई नहीं सोता, कसम से."

गोदामात कामगार झोपवायला इथे बंदी आहे, आणि मी ते तपासायला आलेला साहेब, अशी त्याची समजूत. मी नाही म्हणेपर्यंत खुर्ची आली, कडक चहा आला, फरशी धुतली गेली. शेल्डन कांदे बघायला गेला तो परत येईना. अर्धा तास मी वहीत काहीबाही खरडत बसलो. मोहिद्दीनने सगळी दारं उघडून दाखवली, कुठला कॅमेरा बंद आहे तेही सांगितलं, पण मी कोण हे एकदाही विचारलं नाही. शेवटी मीच खरं सांगून टाकलं. तो रागावला नाही. "खलास किसको करना है?" असं विचारून त्याने मालकाचं नाव सुचवलं, मालकाच्या येण्याजाण्याच्या वेळांसकट.

दहा कथांत जे सुचलं नाही ते मला त्या खुर्चीत सुचलं: जो चौकशी करतो, त्याची चौकशी कोणी करत नाही. आठ दिवसांत कथा लिहून काढली. मैथिलीने शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि गॅसवरची भाजी करपली. संपादकांचाही फोन आला, ओळखता आला नाही, छापतोय. फोन ठेवून मी बाल्कनीत जाऊन चक्क रडलो. हे शुभ्राला सांगू नका.

मामींना नमस्कार, आणि औषधं वेळेवर घ्यायला सांगा.

तुमचा भाचा,
कुशल

ता.क. कथेत एक निवृत्त फौजदार दुबईला भाच्याकडे येतात, बिल्डिंगच्या बाकावर बसतात आणि गोदामातल्या खुनाचा तपास आपणहून अंगावर घेतात. खुनी तेच. नाव बदललंय, पण मिशा तशाच ठेवाव्या लागल्या. अंक सोमवारी छपाईला जातोय, तेव्हा परवानगी रविवारपर्यंत द्यावी ही विनंती. तुम्ही नाही म्हणालात तर माझ्याकडे दुसरा खुनी नाही.

ता.क. २. तुम्ही भडकाल या भीतीने कथा आधी मामींना पाठवली होती. त्यांची परवानगी मिळाली आहे. फक्त त्यांना संपादकांशी बोलू देऊ नका. मामींना म्हणे पहिल्या ओळीपासूनच तुमचा संशय होता.