एका खोलीच्या दोन किल्ल्या

रविवार, दुपार

प्रिय बारके,

तुला अनेक आशीर्वाद. तू बरी असशील, कंबर फार कुरकुरत नसेल. तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, रागावू नकोस. घरात भाडेकरू ठेवले की आपला दिवस आपला राहत नाही, हे तुला नव्याने काय सांगू? सकाळी उठावं तर नळ, दुपारी जरा पाठ टेकावी तर वायर, आणि संध्याकाळी कुणाचा तरी रेडिओ कुणाच्या तरी डोक्यात जातो.

वरच्या बसड्रायव्हरच्या बायकोने मांजर पाळू का म्हणून विचारलं. मी चांगली आठवडाभर विचारात पडले. नाही म्हणावं तर तिला मूलबाळ नाही, हो म्हणावं तर उद्या कुणी कुत्रा आणील. शेवटी हो म्हटलं. आता ते मांजर जिन्याच्या मधल्या पायरीवर बसतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे असं बघतं, की जणू भाडं त्यालाच द्यायचंय. न्हाणीघराच्या भिंतीला ओल आलीय. गवंडी म्हणतो फोडा, मी म्हणते थांब. तो म्हणतो, "आजी, भिंत थांबणार नाही." मी म्हटलं, "मग तू तरी थांब." तो गेला तो अजून आलेला नाही.

पुढची खोली रिकामी झाली, हे तुला कळवलं होतं का? चष्मेवाला गेला. उतारवयात लग्न जमलं आणि बायकोच्या घरी राहायला गेला. जायच्या आदल्या दिवशी त्याने खिडकीच्या काचा अशा पुसल्या, की चिमणी येऊन धडकली. चिमणीला काही झालं नाही. मलाच घर सुनं वाटायला लागलं.

माझी माणसं पारखायची रीत तुला माहीत आहे. आधी चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. प्यायलेला कप जो उचलून मोरीत नेऊन ठेवतो, तो खिळा ठोकायच्या आधी विचारायला येतो. आणि दुसरी रीत तुझ्या भाऊजींनी घालून दिलेली. कागद नाही, सही नाही, माणूस पसंत पडला की किल्ली त्याच्या हातात. किल्ली दिली म्हणजे शब्द दिला. मग कुणी मोटारीतून आला तरी खोली दुसऱ्याला मिळायची नाही. दर खोलीला दोन किल्ल्या, एक भाडेकरूची आणि एक माझ्या ओट्यावरच्या खिळ्याला.

तर गंमत ऐक. मागच्या महिन्यात एके सकाळी दारात दोन टेम्पो. एकात एक तरुण सुतार, त्याची पोटुशी बायको आणि लाकडाचं सामान. दुसऱ्यात एक नर्स आणि चाकाच्या खुर्चीत बसलेले तिचे वडील. दोघंही पुढच्या खोलीच्या दारापाशी आली आणि दोघांनीही खिशातून किल्ली काढली. सुताराने लावली, कुलूप उघडलं. नर्स म्हणाली, "अहो, ही माझी खोली आहे." तिने दार ओढून घेतलं, आपली किल्ली लावली, तिचीही लागली!

वरून ड्रायव्हर ओरडला, "मालकीणबाई, आता पाळी लावा! सकाळपाळी सुताराची, रातपाळी नर्सबाईंची!"

गल्ली हसली. टेम्पोवाले हसले. मीही पदर तोंडाला लावून हसले.

सोमवार

काल इथवर लिहून उठले. हसत हसत सगळं सांगून टाकायचं असं ठरवून बसले होते, ते काही जमलं नाही. आता जसं झालं तसं सांगते.

बारके, त्या सुताराला मी ओळखलंच नाही.

तो म्हणाला, "आजी, तुम्हीच म्हणालात ना, खिडकीखाली फळी बसवायला हरकत नाही म्हणून?" मी त्याला निरखून बघितलं. म्हटलं, "बाळा, तू घर चुकलास. मी तुला आजच बघतेय." त्याला वाटलं मी शब्द फिरवतेय. त्याचा चेहरा लाल झाला. बायकोने त्याचं मनगट धरलं आणि मला म्हणाली, "आजी, असं काय करता? तुम्ही माझ्या पोटावर हात ठेवला होतात. मुलगी आहे म्हणालात. चहात साखर जास्त झाली म्हणून मला दुसरा कप करून दिलात."

मी तिच्या पोटाकडे बघितलं, हाताकडे बघितलं. काही म्हणजे काही आठवलं नाही. एखादा शब्द जिभेवर असतो आणि येत नाही, तसंही नाही गं. तिथे काही नव्हतंच. पुसलेली पाटी.

आणि मग दुसरं लक्षात आलं, ते जास्त लागलं. आधी नर्स खोली बघायला आली होती, तिला किल्ली द्यायला गेले तेव्हा खिळ्याला एकच होती. दुसरी गेली कुठे? मी थेट ड्रायव्हरच्या बायकोवर घसरले, कारण ती खोली झाडायला तिला सांगितलं होतं. "तूच नेलीस, तूच हरवलीस, घर म्हणजे काय धर्मशाळा वाटली?" ती बिचारी रडवेली होऊन शोधत होती. मांजराची टोपली उपडी करून झटकली तिने. आणि किल्ली त्या वेळी सुताराच्या खिशात, माझ्याच हाताने दिलेली.

नर्स सगळं बघत होती. मग माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "आजी, आज वार कोणता हो?"

मी वार सांगितला, बरोबर सांगितला. वर म्हटलं, "माझी परीक्षा घेतेस होय गं?"

"छे हो, रोजच्या पाळ्यांत माझाच गोंधळ होतो," ती म्हणाली. खोटं बोलताना तिने माझा हात धरला होता, तो सोडला नाही.

दारात दोन संसार उभे होते. दोघांकडे माझी किल्ली, म्हणजे दोघांना माझा शब्द. मी सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी, आणि इथून कुणी परत जायचं नाही. नर्सच्या वडिलांची खुर्ची पुढच्याच खोलीत शिरते, तिथे उंबरा नाही, म्हणून ती त्यांना दिली. माझी खालची मोठी खोली सुताराला दिली. पोटुशीला जिने चढायला लावायचे का? सुतार नको नको म्हणत होता. मी म्हटलं, "तुझ्या हातात किल्ली आहे ना? मग बोलू नकोस." त्यानेच माझं कपाट, माझी खाट उचलून मागच्या खोलीत नेली. तू आलीस की झोपतेस ती खोली. छोटी आहे, पण भाऊजींचा फोटो मावला. ड्रायव्हरच्या बायकोची मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या हो," आणि पुन्हा रडली.

नंतर नर्स मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर चांगले होते, बसा म्हणाले, पाणी दिलं. मी म्हटलं, पाणी नको, सांगा. ते म्हणाले, सुरुवात आहे.

तुला हे कळवायचं नाही असंच ठरवलं होतं. कारण तुला पुढचं सगळं पाठ आहे. आई तुझ्याकडे होती. शेवटी शेवटी ती सगळ्यांनाच "बाळा" म्हणायची. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी माया दाटून आलीय. तूच ओळखलंस की नाव सापडत नाही म्हणून म्हणते. हल्ली मी ड्रायव्हरला बाळा म्हणते, गवंड्याला बाळा म्हणते. सुताराला म्हटलेलं तू वर वाचलंसच.

तर बारके, मला सांभाळायला ये असं मी म्हणत नाहीये. ते तू एकदा केलंस, तेव्हा वाकलेली तुझी कंबर अजून सरळ झाली नाही. ते दुसऱ्यांदा तुझ्या नशिबी मी येऊ देणार नाही. नर्स म्हणते तिच्या ओळखीची एक जागा आहे, वेळ आली की बघू. तू मात्र त्याच्या आधी ये. मी मी आहे तोवर ये.

कशासाठी, ते नीट वाच. उद्या मी सुताराच्या दारात उभी राहीन आणि ओरडेन, "तू कोण? माझ्या खोलीत काय करतोस? चालता हो!" तोवर झालेलं लेकरू हातात घेतलेली त्याची बायको घाबरेल. मी मालकीण, माझं घर, माझा शब्द. कोण मला अडवणार? तेव्हा माझं ऐकायचं नाही. ड्रायव्हर, नर्स, सुतार, यांतल्या कुणालाही माझ्या तोंडच्या त्या शब्दावर या घरातून जायचं नाही. हे मी शुद्धीत असताना सांगितलं होतं, असं सांगणारं आपलं माणूस हवं. तुझ्यासमोर बसून, चौघांना बोलावून, मला हे एकदा मोठ्याने बोलायचंय. खिळ्यावरच्या किल्ल्या आणि माझ्या कमरेचा जुडगा मी ड्रायव्हरच्या बायकोकडे दिला. कमरेला हात जातो आणि काही लागत नाही. सवय व्हायला वेळ लागेल, म्हटलं, मग आपलंच हसू आलं.

गवंड्याला निरोप धाडून न्हाणीघराची भिंतही फोडून टाकायला सांगितली. आता थांबण्यात अर्थ नाही.

या पाकिटात कागदाला गुंडाळून एक किल्ली ठेवलीय. मागच्या खोलीची आहे. सुतार म्हणतो, भिंतीला दुमडून लावता येईल अशी दुसरी खाट करून देतो. घरची रीत तुला माहीतच आहे, किल्ली दिली म्हणजे शब्द दिला. ती खोली आता दुसऱ्या कुणाला मिळायची नाही. आणि काळजी करू नकोस, तिची दुसरी किल्ली माझ्या गळ्यात दोऱ्याला आहे. लिहिता लिहिता आत्ताच चाचपून बघितली.

पत्ता मी जुन्या पाकिटावरून उतरवला नाही. डोळे मिटून बसले, तुझी गल्ली, तुझं निळं दार, त्यावरचा नंबर आठवला आणि लिहिला. ड्रायव्हरची बायको म्हणाली, "एकदा पडताळून बघते." मी बघू दिलं नाही. पत्र पोचलं, तर माझ्यात तू अजून आहेस, एवढं तुला कळेल. लवकर ये. दारात उभी राहिलीस की आधी काही बोलू नकोस, नाव सांगू नकोस. मला हाक मारू दे.

तुला आज ओळखणारी,
तुझी ताई