कोळसाच द्या

९ डिसेंबर १९९४, शुक्रवार, झल्लाक
काल आखातात पोचलो. नुसरत बरोबर आहे, हीच मोठी गोष्ट. नवरा-बायको दोघांचा व्हिसा एकाच घरचा. मी बॉयलरच्या कामाला, ती आमच्या मालकाच्या, अरबाब फहादच्या, म्हाताऱ्या आईच्या, खदिजाबीबींच्या सेवेला. खोली स्वतंत्र, खिडकीतून समुद्र दिसतो. ड्रायव्हर बासित महाडचा निघाला. आल्या आल्या त्याने सुरमईचं कालवण पुढे ठेवलं. नुसरत म्हणाली, दाभोळपेक्षा इथला वारा बरा. खूप दिवसांनी हसली.

खदिजाबीबींना आजारपणानंतर कायम थंडी वाजते. इलेक्ट्रिक हीटरने घसा सुकतो, म्हणून अरबाबने इंग्लंडमधल्या एका बंद शाळेचा जुना कोळशाचा बॉयलर मागवला आहे. तो डिझेलवर चालेल असा करायचा आणि गरम पाणी खोल्याखोल्यांत फिरवायचं.

११ डिसेंबर
तळघरात उतरून बॉयलर पाहिला. बिडाचा, सात भाग बोल्टने आवळलेले. बाजूला कोळशाची पेटी, तिथून भट्टीत कोळसा ढकलणारा लांब स्क्रू. मेकची, म्हणजे कंपनीच्या नावाची पट्टी कुणीतरी कानशीने घासून टाकली आहे. मेक कळल्याशिवाय प्रेशर किती धरायचं? लोटे गावच्या कारखान्यात बॉयलरवर चौदा वर्षं काढली, पण असा पाहिला नव्हता. मापं घेतली, भट्टीचं तोंड कागदावर काढलं. पेटीच्या झाकणाखालची काजळी खरवडली तर छिन्नीने कोरलेली इंग्रजी ओळ. बासितने वाचून सांगितली: याला कोळसाच द्या, दुसरं काही नको. कंपनीची सूचना असणार. दोघं हसलो.

१७ डिसेंबर
स्क्रू उपसून काढला. खालचं तोंड भट्टीच्या विटांनी बुजवलं, दारावर प्लेट ठोकून बर्नर बसवला, सेफ्टी व्हॉल्व्ह नवा. पाणी भरून दाब दिला, थेंब गळला नाही.

दुपारी बिस्मिल्ला म्हणून बटण नुसरतच्या हाताने दाबवलं. ती शहारली. म्हणाली, अंगावरून गार काहीतरी गेलं. संध्याकाळी खदिजाबीबींनी शाल काढून ठेवली. अरबाबने मला मिठी मारली.

२२ डिसेंबर
टाकीत काठी बुडवून पाहिली. पाच दिवसांत डिझेल बोटभरही उतरलेलं नाही. बर्नर बंद केला तरी पाणी ऐंशी डिग्री. गेज बदललं, तेच. मग हा तापतो कशावर?
नुसरतला थंडी वाजते. ताप नाही.

२६ डिसेंबर
डॉक्टरने थर्मामीटर दोनदा झटकला. चौतीस डिग्री, सदतीस हवं. रक्त चांगलं, छाती साफ. पांघरूण द्या म्हणाले. दोन रजया घातल्या, वर मी कवटाळून बसलो. ती हळूच म्हणाली, "तुमची ऊब मला पोचतच नाही." आणि घर इतकं गरम, की खदिजाबीबी खिडक्या उघडायला सांगतात.

२९ डिसेंबर
बर्नरच काढून टाकला. तरी तापलेला. आत विस्तव नाही, नुसता लाल उजेड. अरबाबला हात जोडले, हे लोखंड हलवा. त्याने आईकडे बोट दाखवलं. दोन वर्षांनी ती आपल्या पायाने चालते आहे. तुझ्या बायकोला पुढच्या आठवड्यात इंडियाला पाठवतो म्हणाला, इंशाल्ला. पासपोर्ट त्याच्या तिजोरीत. पुढच्या आठवड्यात—

३१ डिसेंबर
झाकणाखालची ती ओळ. कोळसा मिळत नाही म्हणून हा माणसाची ऊब खातोय. नुसरतची.
बासितला घेऊन जिदहफ्सच्या बाजारात गेलो. दगडी कोळसा नाहीच. मटण भाजायचा लाकडी होता तेवढा उचलला. विटा फोडल्या, फावड्याने भरला. तासाभरात नुसरतच्या ओठांना रंग आला. चहा मागितला. मी तिथेच फरशीवर बसून रडलो.

१ जानेवारी
गोण्या संपल्या. बासित सकाळपासून फिरतोय. सगळीकडे एकच उत्तर, मफी, नाहीच. खाट तोडून आत टाकली. कपाट टाकलं. जळत नाही. तसंच पडून राहतं—

२ जानेवारी
बत्तीस. पाय निळे. हॉस्पिटलला न्यायला उचललं, फाटकाबाहेर जाताच श्वास अडला. परत आणली, तेव्हा चालू झाला. सोडत नाही तो तिला. बोलत नाही आता—

३ जानेवारी
घण घातला. दहा, वीस. चरा नाही. प्रत्येक घावाला वर ती कण्हत होती. बासित धावत सांगायला आला. घण टाकला. या अल्लाह—

४ जानेवारी
भट्टीचं दार उघडलं. दोन्ही हात आत, कोपरापर्यंत. भाजत नाही. मोठ्याने सांगितलं, तिला सोड, मला घे.

दुपार. ती उठून बसली. बासित सांगतो, भात मागितला, रजई ढकलून दिली. माझे दात वाजतायत. त्याला म्हटलं, तिला आत्ता गाडीत घाल, वकिलातीत सोड. मी कुठे आहे ते सांगू नको.

बोटं वळत नाहीत—
त्याने सांगितलं वाटतं. जिन्यावर तिची पावलं. तळघराच्या दाराला आतून कडी नाही—

समोर उभी आहे. रडत नाही. म्हणाली, "बाजूला व्हा तुम्ही." बाही वर सारतेय. मला उठता येत नाही. नुसरत, नको. तो दोघांनाही—
नुसरत, हात