कपबशीचं मत

माढा, मंगळवार

प्रिय सुभेदारसाहेब,

फोन असताना पत्र कशाला, म्हणून हसाल. तुम्ही सीमेवर होतात तेव्हापासून मनातलं कागदावरच उतरतं माझं, त्याला काय करू? भुवनेश्वरी बाळंतपणातून छान सावरतेय. नातू तुमच्यावरच गेलाय, पाळण्यातून हुकूम सोडतो. जावईबापू उद्या होटगीला येताहेत, त्यांच्या हाती हे देते. बसून वाचा.

चोवीस वर्षांनी पलटणीतून आलात तेव्हा म्हणाला होतात, आता कायमची रजा, सगळी तुझी. मी खुळी, विश्वास ठेवला. सहा महिन्यांत टॉवेलचा कारखाना काढलात. पहिल्याच दिवशी शिट्टी मारून बायकांना रांगेत उभं केलंत, तर गौरम्मा घाबरून म्हणाली, "साहेब, आमचं काय चुकलं व्हय?" तुम्ही ओशाळलात. शिट्टी कपाटात टाकलीत आणि एकेकीच्या घरचं विचारायला लागलात. म्हणून तर कारखाना चालला. पुढं कारखानदारांनी त्यांच्या संघाचं अध्यक्ष केलं, गावानं सरपंचकीला उभं केलं. मला अभिमान होता हो. पण माझ्या वाट्याला पुन्हा रजेपुरतेच दिवस आले.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या निवडणुकीत तुमचं चिन्ह कपबशी. दारोदार जाऊन मीच सांगत होते, कपबशी विसरू नका. आणि तुम्ही एका मतानं पडलात. मतदानाच्या आदल्या दिवशी कल्लप्पा तुमच्या विरोधात उभ्या पृथ्वीराजकडे चहा प्याला होता, तेवढं तुम्हाला पुरलं. पलटणीत शेजारच्या खाटेवर झोपलेला माणूस, कारखान्याचं फाटक सांभाळणारा. त्याला चारचौघांत गद्दार म्हणालात. त्यानं वाद घातला नाही. घरी येऊन किल्ल्या टेबलावर ठेवल्या, तुम्हाला सॅल्यूट केला आणि निघाला.

निकालाच्या दिवसापासून मी चहा पेल्यातून पिते. तुमच्या ते ध्यानातही आलं नाही. कल्लप्पानं त्या दिवशी माझ्या हातातला पेला बघितला आणि दारात थांबून हळूच विचारलं, "वैनी, कपबशी रुसली व्हय तुमच्यावर?" मी मान खाली घातली. त्याला सगळं कळलं. आजवर कुणापाशी बोलला नाही.

ते मत माझं होतं. त्या खोक्यामागं उभी राहिले, कपबशीवर बोट ठेवलं आणि वाटलं, आता हा माणूस पाच वर्षं घरात दिसायचा नाही. शेजारचं बटण दाबलं. निकाल लागल्यावर तुमचा चेहरा बघून धीरच झाला नाही. माझ्या भित्रेपणापायी एक भला माणूस तीन वर्षं गद्दार म्हणून जगला.

काल तो इथं आला होता. आपल्या फाटकातून आत यायची हिंमत होईना, म्हणून माढ्यापर्यंत. शुक्रवारी त्याच्या लेकीचं, महेश्वरीचं लग्न. "साहेबांना नका सांगू, तुमी तेवढं या की," म्हणाला. तो गेल्यावर पत्रिका उघडली. निमंत्रकांत पहिलं नाव तुमचं आहे, हुद्द्यासकट. शुक्रवारी जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी तुम्हाला सोलापुरात बोलावलंय, ठाऊक आहे मला. तिकीट मिळालं तर या वेळी माझं मत तुम्हालाच, सिद्धरामेश्वराची शपथ. पण शुक्रवारी आधी मांडवात जा. त्याची माफी मागा, थोडी माझ्या वाटचीही. माझी शिक्षा मी घरी आल्यावर सुनावा. शिट्टी कपाटाच्या वरच्या खणात आहे. मी रांगेत उभी राहीन.

तुमचीच,
सुंदरम्मा